कोणी सांगितलं?

आमच्या सरांच्या शोकसभेत सहा जण बोलले आणि सहाच्या सहा जणांनी एकच वाक्य म्हटलं: "स्वभावाने थोडे तापट होते, पण मनाने फार चांगले." मी मागच्या रांगेत बसले होते आणि माझं डोकं फिरून राहिलं होतं. थोडे तापट? त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांवर सर कधी ना कधी ओरडले होते, आणि तेही दवाखान्याच्या वेटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असे. आणि तो "पण" काहून? जसा काही राग हा त्यांना जडलेला आजार होता आणि चांगलं मन हा त्यावरचा उतारा.

मला कोणी बोलायला उठवलं नाही. उठवलं असतं तर मी गोड बोलले नसते.

सर म्हणजे जबलपुरातले कान-नाक-घशाचे डॉक्टर. रांझीत त्यांचा दवाखाना होता. तिथे अकरा वर्षं ऐकण्याची तपासणी मी करत होते. पेशंटला आवाजबंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचा, बारीक-मोठे आवाज सोडायचे, आणि कुठल्या आवाजाला तो बटण दाबतो ते कागदावर मांडायचं. त्या कागदाला ऑडिओग्राम म्हणतात. रेघ वरच्या बाजूला असली की कान चांगला. जितकी खाली उतरेल तितकं ऐकणं कमी.

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बाबांना घेऊन गेले तेव्हा. बाबा खमरियाला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत मशीनवर होते. आवाज लागू नये म्हणून कानांना लावायला झाकणं मिळायची, पण "डोकं तापते" म्हणून बाबा ती कधी लावायचे नाहीत. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही महाराजपुरला राहायला आलो आणि तिथल्या शांत कॉलनीत लक्षात आलं की बाबांचा टीव्ही तीन घरांपलीकडे ऐकू जातो.

"काय त्रास आहे?" सरांनी विचारलं.

मी म्हणाले, "यांना कमी ऐकू येतं."

"केव्हापासून?"

"झाले असतील दोनेक वर्षं—"

सरांनी पेन खाली ठेवलं. "तुमचा कान दुखून राहिला का?"

"माझा? नाही."

"मग तुम्ही काहून बोलून राहिल्या? मी यांना विचारून राहिलो. यांना ऐकू कमी येते, अक्कल नाही कमी झाली."

मग खुर्ची ओढून ते बाबांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसले. चेहऱ्यावर खिडकीचा उजेड येईल असे. आणि आवाज अजिबात न चढवता, सावकाश, एकेक प्रश्न विचारत गेले. बाबांनी सगळ्यांची उत्तरं दिली. त्यातलं एक असं होतं: "घरात सगळे हसतात तेव्हा मीबी हसतो साहेब. काहून हसले ते माहीत नसते."

दोन वर्षांत हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं. परतताना अर्ध्या वाटेवरच्या आधारतालपर्यंत मला सरांचा राग येत होता. तिथून पुढे घरापर्यंत स्वतःचा.

तेव्हा मी बीएस्सी करून घरी बसले होते. अशा तपासणीचा डिप्लोमा असतो हे मला तिथेच कळलं. तो केला आणि सरांकडेच कामाला लागले.

सरांचा ठरलेला प्रश्न होता, "कोणी सांगितलं?" लसूण कडकवून कानात तेल टाकलं. कोणी सांगितलं? पडदा फाटलेल्या कानात पेरॉक्साइड टाकलं. कोणी सांगितलं? उत्तर काहीही येवो, शेजारच्या भाभी, मेडिकलवाले भैया, ऑफिसातले बडे बाबू, मोबाइलवरचा व्हिडिओ, सर पेटायचेच. त्यांच्या टेबलावर छोट्या काचेच्या बाटल्यांची रांग होती आणि त्यांत लोकांच्या कानानाकातून काढलेल्या वस्तू होत्या. राजम्याचा फुगलेला दाणा, काडेपेटीच्या काडीचं डोकं, केसांच्या पिनेचं प्लास्टिकचं टोक, इअरबडवरचा कापूस. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी. चिठ्ठीवर पेशंटचं नाव कधीच नसायचं, सल्ला देणाऱ्याचं असायचं. "सल्ला: जाऊबाई." "सल्ला: स्टँडवरचा कान साफ करणारा." कापसाच्या बाटलीवर लिहिलं होतं, "सल्ला: सगळे."

एका बाटलीवर "सल्ला: चार डॉक्टर" असं होतं. त्यात गादीतल्या फोमचा काळा पडलेला तुकडा होता. चार वर्षांची मुलगी. उजव्या नाकपुडीतून पू यायचा आणि इतका घाण वास की अंगणवाडीत तिच्याजवळ कोणी बसेना. चार महिने साइनसची औषधं चालू होती. एका डॉक्टरने तर आईला ऐकवलं होतं की पोरीला नीट आंघोळ घालत जा. सरांनी फाइल उघडलीच नाही. "एकाच बाजूने वाहते? अन् वास? मग नाकात काहीतरी आहे. नसेल तर दाखवून द्या, तोवर आहेच." मुलीला आईच्या मांडीवर धरून त्यांनी वाकडा हुक आत नेला आणि अर्ध्या मिनिटात तुकडा बाहेर आला. आई रडायला लागली. आणि सरांनी तिथेच, तिच्यासमोर, फाइलीतल्या चारही डॉक्टरांना एकेक करून फोन लावले. "डॉक्टर साहब, एक तरफ साइनस, और दूसरी क्या छुट्टी पर गई थी? टॉर्च नहीं है आपके पास? भिजवा दूँ?" तिघांनी फोन ठेवून दिला. चौथ्याने माफी मागितली. सरांनी ती त्या आईला स्पीकरवर ऐकवली.

रस्त्यावरही त्यांचं हेच चालायचं. सिग्नलला उभा राहून कोणी बाइकची किल्ली कानात फिरवताना दिसला की सर गाडीतून हात काढून किल्लीच हिसकावायचे. दोनदा मारामारी होता होता राहिली. स्वतःच्या गाडीचा हॉर्न त्यांनी तार काढून मुका केला होता. समोर म्हैस आली की काच खाली करून ते दारावर थापा मारायचे आणि म्हशीशी हिंदीत बोलायचे. वरातीत डीजे लागला की उतरून नवरदेवाच्या घोडीपाशी जायचे आणि नवरदेवाला विचारायचे, "शादी के बाद बीवी की बात सुननी है कि नहीं?"

लोक हसायचे. मीही हसायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आपल्या मनातला राग कोणीतरी बिनधास्त बाहेर काढतो, आणि तो बरोबरही असतो, हे रोज बघायला मिळणं म्हणजे एक नशा असते. सर ओरडायला लागले की मी माझ्या खोलीचं दार थोडं उघडं ठेवायचे. म्हणूनच फूलबाई आली त्या दिवशीचं सगळं मी स्पष्ट ऐकलं.

फूलबाई कुंडमच्या पुढच्या एका गावाची. आठ वर्षांच्या मुलीला, सरिताला, घेऊन बसने आली होती. मुलीचा डावा कान वर्षभर वाहत होता. वाहणं थोडंच, पण सडका वास. मी तपासणी केली तेव्हा डाव्या कानाला बरंच कमी ऐकू येत होतं, पण येत होतं. सरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले. ते असं पाहतात तेव्हा आत काय असतं हे मला तोवर कळायला लागलं होतं. पडद्याची कातडी आत ओढली जाऊन तिथे साठत जाते, त्याची गाठ होते, आणि ती गाठ आजूबाजूचं हाड खात सुटते. त्या हाडातूनच चेहऱ्याची नस जाते. वर मेंदू असतो.

"क्या डाला है इसमें?" सरांनी विचारलं.

फूलबाईने खाली मान घालून सांगितलं. आधी तेल. मग कुठल्याशा पाल्याचा रस. मग एक पांढरी पावडर. मग मेडिकलमधून ड्रॉप, संपले की तेच पुन्हा.

"किसने बोला?"

तिने मुलीला जवळ ओढलं.

"किसने बोला? सास ने? पड़ोसी ने? एक साल! एक साल से कान सड़ रहा है और तुम उसमें पाउडर भर रही हो? माँ हो कि क्या हो? हड्डी खा गया है अंदर! ये दिमाग में जाएगा, समझती हो? लड़की मर जाएगी!"

ते पाचेक मिनिटं चाललं असेल. वेटिंगमधली माणसं माना उंचावून बघत होती. फूलबाईने पदर तोंडाला लावला होता. सरिता आईच्या तोंडाकडे बघत होती, डॉक्टरकडे नाही. मग सरांनी कागदावर स्कॅन लिहिला, ऑपरेशन लिहिलं, कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "आठ दिन में आना. पक्का." तिने मान हलवली आणि ती गेली.

मी काय करत होते? मी दार किलकिलं करून ऐकत होते. आणि मनात म्हणत होते, बरं झालं, कोणीतरी सुनावलं.

आठ दिवसांत ती आली नाही. सर रोज आल्या आल्या विचारायचे, "आली का ती कुंडमची?" पंधरा दिवस झाले. महिना व्हायला आला. एक दिवस ते म्हणाले, "काहून नाही आली? मी एवढं समजावून सांगितलं तिला!"

आणि मला काय झालं कोण जाणे. "समजावून नाही सांगितलं सर," मी म्हणाले. "तुम्ही फक्त ओरडले. ऑपरेशनने पोरगी बरी होईल, हे तुम्ही एकदाही नाही म्हटलं. मी दारात उभी होते. मी सगळं ऐकलं."

"मी लिहून दिलं होतं!"

"तिला वाचता येतं का, हे विचारलं होतं का सर? माझ्या बाबांना तर सगळं विचारलं होतं तुम्ही."

सरांचा चेहरा लाल झाला. "बाहेर जा," ते म्हणाले. मी बाहेर गेले. संध्याकाळी मी घरी सांगितलं की नोकरी गेली समजा.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी साडेसातला बाबा अंगणात पेपर वाचत होते आणि गेटबाहेर कोणीतरी गाडीच्या दारावर थापा मारत होतं.

"पत्ता काय आहे तिचा?" सरांनी गाडीतूनच विचारलं.

मला ब्रह्मांड आठवलं. कार्डावर पत्ता मीच लिहिला होता. गाव विचारायचा मला कंटाळा आला होता. मी नुसतं "कुंडम" लिहिलं होतं.

हे सांगितल्यावर सर ओरडतील असं वाटलं. ते ओरडले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. "बस गाडीत," एवढंच म्हणाले.

आम्ही कुंडमला पोचलो. बस स्टँडवर चहाच्या टपरीपाशी सरांनी चौकशी केली. "आठ साल की लड़की, कान बहता है. माँ का नाम फूलबाई."

टपरीवाला म्हणाला, "कान का तो नहीं पता साब. एक लड़की है सरिता, जिसका मुँह टेढ़ा हो गया. वही क्या?"

सरांनी चहाचा ग्लास न पिताच ठेवून दिला.

गाव पुढे सहा-सात किलोमीटर होतं, शेवटचा तुकडा पायी. घरापुढे सरिता बाजेवर पडली होती. डावा डोळा मिटत नव्हता म्हणून आईने त्यावर ओला फडका ठेवला होता. सरांना पाहून सरिता उठायला गेली आणि तोल जाऊन पुन्हा खाली बसली. चेहरा एका बाजूने जिवंत आणि दुसऱ्या बाजूने झोपल्यासारखा. चक्कर कधीपासून, सरांनी विचारलं. आठ दिवस. आणि चेहरा? तीन दिवस. फूलबाई म्हणाली, लोक म्हणाले हवा लागली आहे, ओझ्याकडून झाडून घ्या.

"किस—" सर म्हणाले, आणि थांबले. तो शब्द त्यांनी गिळला.

मग ते खाली जमिनीवर बसले. फूलबाईला समोर बसायला सांगितलं. "बाई, तुम वापस क्यों नहीं आईं?"

तिने सरिताच्या डोळ्यावर फडका पुन्हा ठेवला. मग म्हणाली, "साब, आप उस दिन इत्ता चिल्लाए कि हम समझ गए, लड़की अब नहीं बचेगी. मरती लड़की का सिर काहे को चिरवाते."

"मैंने बोला था ऑपरेशन करना है."

"वो सुनाई नहीं दिया साब."

सर कानाचे डॉक्टर होते. चाळीस वर्षं त्यांनी कोणाला किती ऐकू येतं याचाच हिशोब ठेवला होता. त्यांनी काडीने मातीत कान काढला. हा पडदा, ही गाठ, ही चेहऱ्याची नस, इथे ती दाबली गेली आहे. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल. चेहरा बहुतेक परत येईल. कानाचं सांगता येत नाही. आज निघायला हवं, उद्या नाही. "अब आप बताओ, मैंने क्या बोला?" फूलबाईने सगळं परत सांगितलं. चेहऱ्याच्या नसेपाशी अडखळली, तेव्हा सरांनी पुन्हा समजावलं. मग तिने विचारलं, "और ये बचेगी?" सर म्हणाले, "बचेगी."

त्याच दिवशी आम्ही सरिताला गाडीत घालून शहरात आणलं. स्कॅन झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोठ्या हॉस्पिटलात सरांनी स्वतः ऑपरेशन केलं. साडेचार तास. गाठीने आतल्या कानाला भोक पाडलं होतं, त्यामुळे चक्कर येत होती. मेंदूवरचं हाड कागदासारखं उरलं होतं. आणखी आठवडा गेला असता तर, हे वाक्य सरांनी पूर्ण केलं नाही. नस मोकळी झाली. तीन महिन्यांत डोळा मिटायला लागला. आज सरिता हसली की तोंड जरासं एका बाजूला जातं, ओळखीच्या माणसालाच कळेल इतकंच.

मला यात कोणावर राग काढावा हे अजून ठरवता येत नाही, म्हणून मी तो सगळ्यांवर काढते. त्या मेडिकलवाल्यावर, ज्याने वर्षभर तेच ड्रॉप विकले. त्या गावापासून शहरापर्यंतच्या सगळ्या अंतरावर, ज्यात कान बघणारं कोणी नाही. त्या पूर्ण वर्षात सरिताच्या कानात सगळ्यांनी काही ना काही टाकलं होतं, डोकावून एकानेही पाहिलं नव्हतं. जो पहिला डोकावला, त्याने तिच्या आईला हाकलून दिल्यासारखं केलं. आणि जिने पत्ता लिहायचा तिने आळस केला. सरांचं मन चांगलं होतं की नाही हा प्रश्नच नाही. महिनाभर त्या पोरीचं हाड झिजत होतं, आणि चांगलं मन रांझीत बसून "आली का?" विचारत होतं.

सर नंतर बदलले का? ओरडणं थांबलं नाही. क्रम बदलला. आधी समजावायचं, मग पेशंटकडून ते परत म्हणवून घ्यायचं, आणि ते नीट म्हटलं गेलं की मग ओरडायचं. मला ते पत्त्यावरून मात्र कधीच बोलले नाहीत. मी स्वतःच तेव्हापासून गाव, मोहल्ला, शेजाऱ्याचा फोन, सगळं लिहून घ्यायला लागले.

फूलबाई दर तीन महिन्यांनी यायची, कारण असं ऑपरेशन झालेला कान पुन्हा पुन्हा साफ करून घ्यावा लागतो. हळूहळू ती एकटी येईना. कधी वाहणाऱ्या कानाचं पोर, कधी आवाज बसलेली म्हातारी, गावातलं कोणीतरी बरोबर असायचं. आत शिरल्या शिरल्या ती सरांना सांगायची, "साब, चिल्लाना मत. ये हमारे साथ आई है." चार डॉक्टरांना फोन लावणारे आमचे सर, "हाँ हाँ, बैठो," म्हणायचे आणि पंखा का लावला नाही म्हणून माझ्यावर ओरडायचे.

वर्षातून एकदा सरिताचे दोन्ही कान मी तपासायचे. उजव्या कानाची रेघ नेहमी वर, छान. डाव्या कानाला मी मशीनमधला सगळ्यात मोठा आवाज द्यायचे आणि ती काचेपलीकडून माझ्याकडे शांतपणे बघत राहायची, बोट बटणावर तसंच. कागद मी सरांपुढे ठेवायचे. ते चष्मा वर करून बघायचे, बराच वेळ.

"मशीन बरोबर आहे ना तुझं?" ते दर वर्षी विचारायचे.

मशीन बरोबर होतं. मी दर वर्षी तसंच सांगायचे.